परमेश्वराचे निर्लिंगत्व आणि जीवाचा अधिकार

पोखर्णी (जि. परभणी) येथील निरूपणाच्या वेळी एका वृद्ध वासनिक बाईंनी विचारले, "बाबा, परमेश्वर बाई म्हणावा की पुरुष?" कोणी हसले. बाई मात्र थांबल्या नाहीत. त्यांनी पुढे विचारले, "पाचही अवतार पुरुषवेषाचे. मग आम्हां बायांच्या वाट्याला काही उणे तर येत नाही ना?"

प्रश्न साध्या शब्दांत होता, पण तो पोरकट नव्हे. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग स्वरूपाचा, म्हणजे परमेश्वर कसा आहे हा. दुसरा भाग अधिकाराचा, म्हणजे त्याच्याकडे कोणी जावे हा. पहिल्याचे उत्तर पुष्कळजण देतात : परमेश्वर निराकार आहे, त्याला स्त्रीत्व नाही, पुरुषत्व नाही. एवढे म्हणून विषय संपला असे त्यांना वाटते. वस्तुतः विचार येथून पुढे सुरू होतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही भागांचा क्रमाने विचार करू.

शब्दाचे लिंग आणि वस्तूचे लिंग

आपल्या मराठीत तीन लिंगे आहेत. 'परमेश्वर' हा शब्द पुल्लिंगी, 'परब्रह्म' नपुंसकलिंगी. देवता हा शब्द स्त्रीलिंगी, दैवत हा नपुंसकलिंगी आणि देव हा पुल्लिंगी. देवताचक्रातील श्रेष्ठ पदाचा उल्लेख 'चैतन्य' या नपुंसकलिंगी शब्दानेही होतो आणि 'माया' या स्त्रीलिंगी शब्दानेही होतो. शब्दाचे लिंग वस्तूला चिकटत असते, तर एकाच पदार्थाला आपण तीन वेळा तीन निरनिराळे पदार्थ मानले असते.

व्यवहारातही हेच दिसते. 'व्यक्ती' हा शब्द स्त्रीलिंगी असून तो दाढीमिशा असलेल्या पुरुषालाही लागतो. 'मूल' हा शब्द नपुंसकलिंगी, पण ज्याला मूल म्हणावयाचे ते मुलगा असते किंवा मुलगी असते. संस्कृतात पत्नीला 'भार्या' म्हणतात तो शब्द स्त्रीलिंगी, 'कलत्र' म्हणतात तो नपुंसकलिंगी, आणि 'दार' म्हणतात तो तर पुल्लिंगी व बहुवचनी! म्हणून घरातील गृहिणी पुरुष झाली नाही किंवा अनेक झाली नाही. पोखर्णी हे नाव ऐकले की पुष्करिणी शब्दाची आठवण होते. पुष्करिणी म्हणा, तळे म्हणा, ओढा म्हणा : पहिला शब्द स्त्रीलिंगी, दुसरा नपुंसकलिंगी, तिसरा पुल्लिंगी. आतले पाणी मात्र तेच.

तेव्हा आपण 'तो परमेश्वर' म्हणतो यावरून परमेश्वर पुरुष ठरत नाही. 'ते परब्रह्म' म्हणतो यावरून तो नपुंसक ठरत नाही. भाषेला बोलण्यासाठी कोणते तरी एक रूप घ्यावेच लागते. ती भाषेची गरज आहे, वस्तूचे लक्षण नव्हे.

नपुंसकलिंग हेही लिंगच

येथे एक शंका उपस्थित होते. परमेश्वर स्त्री नाही, पुरुष नाही, तर मग तिसरे काही असेल. 'परब्रह्म' हा शब्द नपुंसकलिंगी आहेच. मग तेच त्याचे खरे लिंग का मानू नये?

उत्तर असे. नपुंसकत्व हाही देहाचाच एक प्रकार आहे. जेथे देह आहे तेथे तीन भेद संभवतात. जेथे देहच नाही तेथे तिन्ही संभवत नाहीत. ज्याला दागिना घातलेला नाही त्याचा दागिना सोन्याचा नाही, रुप्याचा नाही आणि तांब्याचाही नाही. 'सोन्याचा नाही, रुप्याचा नाही, म्हणून तांब्याचा असलाच पाहिजे' हा तर्क दागिना आहे हे अगोदरच धरून चालतो.

दुसरी शंका याच्या उलट आहे. कोणी म्हणतात, परमेश्वर स्त्री-पुरुष दोन्ही आहे, अर्धनारीनटेश्वराची मूर्ती हेच सांगते. या समजुतीचा विचार पोखर्णीत करणे विशेष सोयीचे आहे, कारण हे गाव नृसिंहाच्या देवस्थानासाठी साऱ्या परभणी जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. नृसिंहाची पुराणकथा सर्वांना ठाऊक आहे. हिरण्यकशिपूने वर मागितला तो असा, की मनुष्याकडून मरण नको, पशूकडून नको, दिवसा नको, रात्री नको, घरात नको, घराबाहेर नको. त्या 'नको'च्या यादीला उत्तर मिळाले ते दोन्हींच्या मिश्रणाने. अर्धे शरीर नराचे, अर्धे सिंहाचे. वेळ संध्याकाळची, जागा उंबरठ्याची. 'हेही नाही, तेही नाही' ही अट तेथे 'थोडे हे, थोडे ते' करून पुरी झाली.

कथेच्या प्रयोजनापुरते ते युक्तच आहे. परंतु नर आणि सिंह मिळून जे झाले तेही एक रूपच झाले. तद्वत् अर्धे अंग स्त्रीचे आणि अर्धे पुरुषाचे मिळून जे होते तो एक तिसरा आकार होय. तो आकाराचा अभाव नव्हे. दोन रंग कालवले म्हणजे तिसरा रंग होतो, पाण्याचे निर्मळपण येत नाही. परमेश्वराचे निर्लिंगत्व हे मिश्रण नव्हे, तिन्ही भेदांच्या पलीकडचे असणे होय. सूत्रपाठातील 'अन्यव्यावृत्ती' या प्रकरणाचे नावच आपणांस ही रीत शिकवते : जे अन्य आहे ते बाजूला करावे, म्हणजे जे आपले साध्य आहे ते उरते. अन्याला अन्यात मिसळून साध्य हाती येत नाही.

यात कोणत्याही देवतेचा अवमान नाही, हे वासनिकांनी ध्यानी धरावे. देवता हा आपल्या शास्त्रात अनादी पदार्थ आहे, तिची फळे खरी आहेत. शेजारी नृसिंहाच्या दर्शनास जातो म्हणून त्याच्याशी वितंडवाद घालणे हे ज्ञान नव्हे. देवतेचे फळ आणि परमेश्वराचे फळ यांतील भेद स्वतःच्या मनात स्वच्छ असणे, एवढेच आपले काम.

जीवही निर्लिंग आहे

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. श्रीचक्रधर स्वामींनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ निरूपिले. चारही अनादी, चारही परस्परांहून भिन्न. यांपैकी परमेश्वर नित्यमुक्त, देवता नित्यबद्ध, जीव बद्धमुक्त. देह हा प्रपंचाचा. मग स्त्रीत्व आणि पुरुषत्व हे कोणत्या पदार्थाकडे जाते? ते देहाकडे, म्हणजे प्रपंचाकडे जाते. जीव देहात राहतो, पण जीव म्हणजे देह नव्हे. आज तो स्त्रीदेहात आहे, मागे पुरुषदेहात असेल, त्यापूर्वी पशुदेहात असेल. जन्मोजन्मी जे बदलते ते जीवाचे स्वरूप कसे असेल?

श्वेताश्वतर उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात दहावा मंत्र आहे. तो स्त्री नाही, पुरुष नाही, नपुंसकही नाही, जे जे शरीर घेतो त्या त्या शरीराशी तो जोडला जातो, असा त्याचा आशय आहे. हा मंत्र परमेश्वराच्या निर्लिंगत्वाचे प्रमाण म्हणून अनेक व्याख्याने व पुस्तके यांतून सांगितला जातो. पण मागचेपुढचे मंत्र पाहिले तर तेथे प्रकरण देहधारी जीवाचे चालू आहे असे दिसते. कर्म करणारा, फळ भोगणारा आणि आपल्या कर्मानुसार हिंडणारा असा जो, त्याच्याविषयी तो मंत्र बोलतो. म्हणजे अंध परंपरेने ज्याला आपण परमेश्वराचे लक्षण समजतो, ते त्या ठिकाणी जीवाचे म्हणून सांगितले आहे.

यावरून दोन गोष्टी निघतात. दोन्ही महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट. केवळ निर्लिंगत्व हे परमेश्वराचे असाधारण लक्षण होऊ शकत नाही. असाधारण लक्षण म्हणजे जे त्याच पदार्थात असते, दुसऱ्यात नसते. गाईला चार पाय आहेत हे खरे, पण चार पायांवरून गाय ओळखावयास गेलो तर म्हैसही घरी येईल. तद्वत् 'जो निर्लिंग तो परमेश्वर' असे म्हटले तर प्रत्येक जीव परमेश्वर ठरेल. अनेकजण नेमके येथेच घसरतात. 'मी देह नाही, मला लिंग नाही, आकार नाही, म्हणून मीच ब्रह्म' असा त्यांचा प्रवास होतो. आपल्या शास्त्राला हा प्रवास मान्य नाही. देहाहून वेगळे असणे निराळे आणि परमेश्वर असणे निराळे. जीव देहाहून वेगळा असूनही अनादी अविद्येने बांधलेला आहे. ती गाठ त्याला स्वतःला सुटत नाही.

मग परमेश्वर कशावरून ओळखावा? तो नित्यमुक्त आहे, तो मोक्ष देऊ शकतो, आणि तो कृपाळू आहे यावरून. या तीन गोष्टी ना जीवात आहेत, ना देवतेत, ना प्रपंचात. 'परमेश्वर कसा नाही' हे सांगणारी वाक्ये अन्याला दूर सारतात. पण 'तो आपणांकरिता काय करतो' हे कळल्याखेरीज ओळख पुरी होत नाही.

दुसरी गोष्ट. जीव निर्लिंग आहे, तर मोक्षाचा अधिकार लिंगावरून कमीअधिक होऊ शकत नाही. ज्ञान देहाला होत नाही, जीवाला होते. मोक्ष देहाला मिळत नाही, जीवाला मिळतो. आरंभीच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे मूळ उत्तर येथे आहे. ते पुढे अधिक स्पष्ट करू.

निराकार साकार का होतो?

दृष्टांतपाठात जन्मांध आणि हत्ती यांचा दृष्टांत आहे. ज्याच्या हाती जो अवयव लागला, त्याने हत्ती तसाच सांगितला. निराकाराचाच आग्रह धरणाऱ्यांची स्थिती पुष्कळदा अशी होते. परमेश्वर निराकार आहे हा एक अवयव त्यांच्या हाती लागलेला असतो. त्यावरून ते म्हणतात, मग अवतार कशाला, नाम कशाला, लीळा कशाला?

श्रीकृष्ण चक्रवर्तींनी गीतेत याचे उत्तर दिले आहे. बाराव्या अध्यायाच्या पाचव्या श्लोकात अव्यक्ताच्या मागे लागलेल्यांचे कष्ट सांगितले आहेत, कारण देह धारण करणाऱ्याला अव्यक्ताची वाट अवघड पडते. नवव्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकात मनुष्यवेष घेतलेल्या परमेश्वराला मूढ लोक ओळखत नाहीत, उलट अवमानतात, असे म्हटले आहे. दोन्ही श्लोक एकत्र वाचावे. निराकाराला निराकार म्हणून धरता येत नाही, आणि साकार होऊन समोर आला तर 'हा तर मनुष्य' म्हणून सोडून देतो. जीवाची ही दुहेरी अडचण जाणूनच परमेश्वर कृपेने मायापुराचा स्वीकार करतो. जीवाला वर चढता येत नाही, म्हणून तो खाली उतरतो. 'अवतार' या शब्दाचा अर्थच उतरणे असा आहे.

पण मायापुर स्वीकारले म्हणून देहाचे धर्म परमेश्वराचे होत नाहीत. याचे प्रत्यक्ष उदाहरण आपल्या पंचकृष्णांच्या चरित्रातच आहे. श्रीचक्रपाणी महाराजांनी द्वारावतीस पूर्वीच्या देहाचा त्याग केला आणि भडोच येथे हरपाळदेवाच्या पतित देहाचा स्वीकार केला. तोच परमेश्वर पुढे श्रीचक्रधर या नावाने आपणांस लाभला. हरपाळदेव कोणाचा पुत्र होता, कोणाचा पती होता. ती नाती त्या देहाची होती. द्वारावतीच्या देहाची नाती निराळी होती. देह बदलला, नाती बदलली, नाव बदलले. परमेश्वर बदलला नाही. ज्या देहाचे नाव आणि नाते परमेश्वराला चिकटले नाही, त्या देहाचे पुरुषत्व मात्र चिकटले, असे कोणत्या न्यायाने म्हणावे?

ऋद्धिपूरच्या लीळा वाचताना हेच निराळ्या रीतीने दिसते. श्रीगोविंदप्रभूंना तेथील लोक माय आणि बाप या दोन्ही नात्यांनी हाक मारीत. हाक मारणाऱ्यांनी तत्त्वज्ञान शिकले नव्हते. ज्याच्याकडून मायेची कृपा मिळते त्याला माय म्हणावे आणि ज्याच्याकडून बापाचा आधार मिळतो त्याला बाप म्हणावे, एवढेच त्यांना कळत होते. गीतेच्या नवव्या अध्यायाच्या सतराव्या श्लोकात श्रीकृष्ण चक्रवर्ती स्वतःला जगाचा पिता आणि माता म्हणवितात, तेही याच अर्थाने. तेथे अर्धे अंग मातेचे आणि अर्धे पित्याचे असा आशय नाही. कृपेचे नाते ज्या ज्या शब्दाने कळेल तो तो शब्द तेथे वापरला आहे.

अधिकाराचा प्रश्न

आता पूर्वपक्ष पुन्हा मांडू. मायापुर कोणतेही स्वीकारता येते, तर ते पाचही वेळा पुरुषाचेच का? त्यावरून पुरुषदेह परमेश्वराला अधिक जवळचा आहे असे ठरत नाही काय?

समाधान असे. अवताराचा वेष, देश आणि काळ ही जीवांच्या उद्धाराची साधने होत, ती परमेश्वराच्या आवडीनिवडीची खूण नव्हेत. वेषावरून अधिकार ठरवावयाचा झाला तर भडोचचा देह घेतला म्हणून गुजराती जीवाचा अधिकार अधिक, आणि राजकुळातला घेतला म्हणून राजपुत्राचा अधिकार अधिक, असेही म्हणावे लागेल. तसे कोणी म्हणत नाही. मग एका लिंगापुरताच हा तर्क का लावावा?

अवताराची आवड पाहावयाची असेल तर वेष न पाहता वर्तन पाहावे. लीळाचरित्रात स्वामींच्या सन्निधानात बाइसा आहेत, आउसा आहेत, महदाइसा आहेत. महदाइसांचे प्रश्न किती आणि किती खोलवरचे! स्वामींनी ते प्रश्न कधी बायकी म्हणून टाळले नाहीत. पुरुषांचा तेवढा जीव आणि स्त्रियांचा काही निराळा, हलका जीव, ही समजूत त्यांनी साफ नाकारली. विटाळाचा प्रश्न निघाला तेव्हा, देहाच्या द्वारांतून जसे इतर मळ वाहतात तसाच हा एक देहधर्म, असे सांगून त्यांनी त्या भयातून बायांना मोकळे केले. तेराव्या शतकातील महाराष्ट्रात हे सांगितले गेले, हे विसरू नये.

स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर आचार्य श्रीनागदेवांनी हीच दृष्टी सांभाळली. केशिराजबास संस्कृताचे मोठे पंडित. त्यांची संस्कृत रचनेची प्रवृत्ती पाहून आचार्यांनी त्यांना आवरले, कारण तसे झाले तर परिवारातील म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील. स्मृतिस्थळात हा प्रसंग आला आहे. आपल्या पंथाचे वाङ्मय मराठीत का, या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. ज्या भाषेत म्हातारीला परमेश्वर कळेल ती भाषा शास्त्राची, असा तो निर्णय होता. आणि महदाइसांनी ऋद्धिपुरी रुक्मिणीस्वयंवराचे धवळे रचून मराठीची आद्य कवयित्री हा मान मिळविला, हे त्याच वृक्षाचे फळ होय.

कोणी विचारतील, मग भिक्षुक आणि तपस्विनी यांच्या आचारात भेद का? याचे उत्तर आचार आणि विचार या दोन शब्दांतच आहे. आचार देहाने करावयाचा असतो, म्हणून त्यात देहाची मर्यादा पाळावी लागते. विचार जीवाने करावयाचा असतो, तेथे स्त्री-पुरुष हा भेद नाही. आचारातील मर्यादेवरून जो विचारातील अधिकार कमी करील तो दोन प्रकरणांची गल्लत करतो. आणि विचारातील समतेवरून जो आचाराची मर्यादा मोडील तोही तीच गल्लत उलट्या बाजूने करतो.

हे केवळ वादासाठी नाही. आजही कित्येक घरांत पोथी पुरुषाने वाचावी आणि बाईने दुरून ऐकावी, अशी रूढी दिसते. उपदेश घेतलेली सून प्रश्न विचारू लागली की 'तुला काय करावयाचे' म्हणून तिला गप्प केले जाते. घरात बसून असे वागावयाचे आणि निरूपणात 'परमेश्वराला लिंग नाही' म्हणून मान डोलवावयाची, हे ज्ञान जिभेवर राहिले, आत उतरले नाही. ज्या म्हातारीसाठी आचार्यांनी पंडिताची लेखणी थांबविली, तिच्याच नातसुनेच्या हातून आपण पोथी काढून घेणार काय?

साधकाने काय करावे

निर्लिंग परमेश्वराचे स्मरण कसे करावे, हा शेवटचा प्रश्न. स्मरण करताना 'निराकार, निराकार' असा शब्द घोळविल्याने मन रिकामे होते, भरत नाही. आपणांस स्मरणाचे चार विषय सांगितले आहेत : नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा. यांत मूर्ती आहे. परंतु तिचे स्मरण स्त्री की पुरुष हे ठरविण्यासाठी करावयाचे नसून, या मूर्तीने जीवांवर कोणती कृपा केली हे आठवण्यासाठी करावयाचे आहे.

स्थानवंदनाचेही असेच. पांचाळेश्वरी आत्मतीर्थावर, माहूरला किंवा ऋद्धिपुरी आपण जातो तेव्हा ओट्यापुढे दंडवत घालतो. ओट्याला मुख नाही, हात नाहीत, अलंकार नाहीत. तो स्त्रीचा नाही, पुरुषाचा नाही. आणि ओटा म्हणजे परमेश्वरही नव्हे. येथे श्रीचरणांचा संबंध घडला, एवढेच तो सांगतो. दगडाला महत्त्व आले ते संबंधाने. जीवाचेही तसेच आहे. तो स्त्रीदेहात आहे की पुरुषदेहात, याने त्याचे मोल वाढत नाही, घटत नाही. परमेश्वराशी त्याचा संबंध घडला की नाही, एवढेच त्याचे मोल.

म्हणून त्या वृद्ध वासनिक बाईंच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे : परमेश्वर बाई नाही, पुरुष नाही, तिसरेही काही नाही. तुमचा जीवही बाई नाही. देह बाईचा आहे, तो येथेच राहावयाचा आहे. परमेश्वराची कृपा देह विचारीत नाही. म्हणून उणे काही नाही. नाम घ्यावे, लीळा आठवावी, शंका आली तर महदाइसांसारखी निःशंक विचारावी. आणि घरातील पुरुषांनी त्या शंकेला उत्तर द्यावे. उत्तर येत नसेल तर तिच्यासह पोथी उघडून बसावे.

॥ दंडवत प्रणाम ॥